हलकेपणाचे मोल

मराठी भाषेने वजनाला नेहमी मान दिला आहे. ज्याच्या शब्दाला किंमत त्याचे बोलणे वजनदार, ज्याच्या वागण्यात प्रतिष्ठा तो गृहस्थ भारदस्त. आणि ज्याच्याविषयी आपले मत चांगले नाही तो हलक्या कानाचा किंवा हलक्या मनाचा. दीर्घ पल्ल्याच्या शर्यतींच्या जगात मात्र हा कौल उलटा लागतो. तेथे हलकेपणा हाच गुण आणि भार हाच दोष. विशेषतः धावणाऱ्या स्त्रीच्या अंगावरची चरबी ही जणू तिच्या निश्चयातील उणीव आहे अशा दृष्टीने पाहण्याची रीत तेथे पडली. ही रीत एका जुन्या नैतिक प्रश्नाला नव्या रूपात उभे करते. यशासाठी मनुष्याने आपला देह किती झिजवावा, आणि त्याने तसे करण्यास संमती दिली म्हणजे ती करवून घेणारे दोषमुक्त होतात काय? विषय वरवर वैद्यकाचा दिसतो. परंतु 'संमती' हा शब्द आला की वकिलालाही बोलण्याचा थोडासा अधिकार पोहोचतो.

प्रथम थोडा इतिहास पाहू. १९२८ साली ॲम्स्टरडॅम येथील ऑलिंपिक सामन्यांत स्त्रियांची ८०० मीटरची शर्यत प्रथमच झाली आणि जर्मनीच्या लीना राड्के यांनी ती जिंकली. वृत्तपत्रांनी मात्र विजयापेक्षा शर्यतीनंतर थकून पडलेल्या स्त्रियांचीच वर्णने अतिशयोक्तीने रंगविली. स्त्रीदेहाला हा ताण सोसवणार नाही असा निष्कर्ष निघाला आणि ही शर्यत १९६० च्या रोम ऑलिंपिकपर्यंत, म्हणजे बत्तीस वर्षे, बंद राहिली. १९६७ साली बॉस्टनच्या मॅरेथॉनमध्ये कॅथरिन स्विट्झर धावत असता एका अधिकाऱ्याने त्यांना हाताने धरून बाहेर ओढण्याचा प्रयत्न केला. त्या शर्यतीत स्त्रियांना अधिकृत प्रवेश मिळाला तो १९७२ साली. आणि ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची मॅरेथॉन प्रथम झाली ती १९८४ साली लॉस एंजेलिस येथे. अमेरिकेच्या जोन बेनॉइट यांनी ती २ तास २४ मिनिटे ५२ सेकंदांत जिंकली.

हा इतिहास सांगण्याचे कारण असे की 'आम्ही तुझ्या प्रकृतीची काळजी घेतो' हे वाक्य स्त्रीला घरी बसविण्यासाठी किती सोयीचे असते, हे त्यावरून कळते. म्हणून पुढे मी जे लिहिणार आहे त्याचा अर्थ कोणी 'मुलींनी फार धावू नये' असा काढील तर तो लेखाचा विपर्यास होईल. स्त्रीदेह लांब पल्ल्याला असमर्थ नाही. उलट, सहनशक्तीच्या श्रमासाठी आवश्यक असलेली एक कला त्याला पुरुषदेहापेक्षा अधिक अवगत आहे.

ती कला म्हणजे चरबी जाळण्याची. शरीरात इंधनाचे दोन मुख्य साठे असतात. स्नायूंत व यकृतात साठविलेली शर्करा, जिला ग्लायकोजेन म्हणतात, ती सुमारे दोन हजार उष्मांकांची. सपाटीवर धावताना दर किलोमीटरला दर किलो वजनामागे साधारण एक उष्मांक खर्च होतो. म्हणजे पन्नास किलो वजनाच्या स्त्रीला ४२.१९५ किलोमीटरच्या मॅरेथॉनसाठी एकवीसशे उष्मांक लागतात. केवळ शर्करेवर विसंबले तर शेवटच्या टप्प्यात कोठार रिते होणार. चरबीचा साठा मात्र प्रचंड आहे. अशा स्त्रीच्या शरीरात पंधरा टक्के, म्हणजे साडेसात किलो चरबी धरली, तर ग्रॅमला नऊ या हिशोबाने ते साडेसदुसष्ट हजार उष्मांक होतात. तौलनिकदृष्ट्या सारख्याच श्रमाला स्त्रिया पुरुषांपेक्षा चरबीचा वाटा अधिक वापरतात आणि शर्करा जपून ठेवतात, असे प्रयोगांत दिसून आले आहे. इस्ट्रोजेन या संप्रेरकाचा त्यात हात आहे. कसलेल्या धावपटूच्या स्नायूतंतूंच्या आतही चरबीचे सूक्ष्म थेंब साठलेले असतात आणि ते रोगाचे नव्हे तर तयारीचे लक्षण असते. शिवाय स्त्रीच्या शरीरात सुमारे बारा टक्के चरबी ही जीवनव्यापारासाठी आवश्यकच मानली जाते. पुरुषात हे प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास आहे. ज्याला आपण ओझे म्हणून हिणवितो ते वस्तुतः घरातील धान्याचे कोठार आहे.

मग बिघाड कोठे होतो? प्रारंभी शास्त्रज्ञांनाही वाटले की दोष चरबीच्या टक्केवारीत असावा. रोझ फ्रिश यांनी १९७४ साली असे प्रतिपादन केले की मुलीला ऋतुप्राप्ती होण्यास सुमारे १७ टक्के आणि पाळी नियमित राहण्यास सुमारे २२ टक्के चरबी अंगावर असावी लागते. पुढील संशोधनाने ही कल्पना जशीच्या तशी टिकू दिली नाही, कारण याहून कमी चरबीच्या कित्येक धावपटूंची पाळी नियमित असते आणि अधिक चरबीच्या काहींची थांबलेली असते. ॲन लाउक्स यांच्या प्रयोगांनी, विशेषतः २००३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगाने, खरी गोष्ट पुढे आणली. शरीर चरबीची मोजदाद करीत बसत नाही; श्रमाचा खर्च वजा जाता घरखर्चासाठी काय उरले, एवढेच ते पाहते. चरबी सोडून उरलेल्या देहभाराच्या दर किलोमागे दिवसाला ४५ उष्मांक उरले तर संसार सुरळीत चालतो. ३० च्या खाली शिल्लक गेली तर पाचच दिवसांत, मेंदूकडून बीजकोशाला जाणाऱ्या संप्रेरकांच्या संदेशांची लय बिघडू लागते.

हा हिशोब एकदा प्रत्यक्ष मांडून पाहावा. पन्नास किलोच्या त्या स्त्रीचा चरबीविरहित देहभार साडेबेचाळीस किलो. तिच्या घरखर्चाला रोज एकोणीसशेच्या आसपास उष्मांक हवेत. त्यात ती रोज पंधरा किलोमीटर धावली तर आणखी साडेसातशे. म्हणजे तिचा आहार सव्वीसशेहून अधिक हवा, आणि दोन हजार पंचवीसच्या खाली तो गेला की ती धोक्याच्या प्रदेशात शिरली. लक्षात घ्या, रोज दोन हजार उष्मांकांचे जेवण एखाद्या बैठ्या कामाच्या स्त्रीला पुरेसे असते. तेच ताट या मुलीच्या पुढे दुष्काळाचे ताट ठरते. पाहणाऱ्याला वाटते, पोरगी व्यवस्थित जेवते आहे. तिलाही तसेच वाटते. ३० ही काही दगडावर कोरलेली रेषा नव्हे, व्यक्तिपरत्वे ती मागेपुढे सरकते, हे पुढील अभ्यासांतून दिसले आहे. परंतु हिशोबाचे तत्त्व कायम आहे.

तुटीच्या दिवसांत शरीर शहाण्या कारभाऱ्याप्रमाणे वागते. जो खर्च आज टाळता येईल तो ते टाळते. प्रजननाचे खाते प्रथम बंद होते. लेप्टिन, जे चरबीचे कोठार किती भरले आहे याची खबर मेंदूला देते आणि ज्याचा शोध १९९४ साली लागला, त्याची पातळी उतरते. थायरॉईडचे कार्यकारी संप्रेरक घटते. विश्रांतीच्या वेळचा चयापचय मंदावतो. म्हणूनच असे घडते की कमी खाऊनही वजन उतरेनासे होते आणि प्रशिक्षक म्हणतो, अजून कमी खा. वजनाचा काटा हा खोटा साक्षीदार नव्हे, पण अपुरा साक्षीदार आहे; त्याने जे पाहिले तेवढे तो सांगतो, आणि त्याने फार थोडे पाहिलेले असते.

टाळलेला खर्च पुढे व्याजासह वसूल होतो. बार्बरा ड्रिंकवॉटर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली दाखविले की पाळी थांबलेल्या, सरासरी पंचवीस वर्षांच्या धावपटूंच्या मणक्यांची घनता पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांइतकी उतरली होती. हाडांची बहुतेक पुंजी विशीपर्यंत जमा होते. ज्या वयात ती जमावयाची त्याच वयात ती खर्च झाली तर नंतरची भरपाई क्वचितच पूर्ण होते. स्नायूंचेही तेच. केवळ पाच दिवस शिल्लक ३० वर आणली असता स्नायूंतील प्रथिनांची नवी बांधणी सुमारे सत्तावीस टक्क्यांनी मंदावते, असे २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले. म्हणजे गाडी हलकी करण्याच्या नादात आपण इंजिनाचेच भाग काढून फेकू लागतो. या सर्व बिघाडाला १९९२ साली 'स्त्री-खेळाडूंचे त्रिकूट' असे नाव मिळाले: आहारातील बिघाड, पाळी थांबणे आणि हाडे ठिसूळ होणे. २०१४ साली आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने त्याची व्याप्ती वाढवून पुरुष खेळाडूंनाही त्यात आणले.

येथपर्यंत शास्त्र. आता नीतीचा प्रश्न. प्रामाणिकपणे एक गोष्ट मान्य केली पाहिजे. हलकेपणाचा लाभ हा निव्वळ भ्रम नाही. प्रत्येक पावलाला स्वतःचा भार उचलावा लागतो, म्हणून भार कमी झाला की वेग काही काळ वाढतो. नेमका हा 'काही काळ'च घातक आहे. मोह खरा असल्याशिवाय कोणी त्याला बळी पडत नाही.

मेरी केन या अमेरिकन धावपटूची हकीकत या संदर्भात जगासमोर आहे. २०१३ साली, सतराव्या वर्षी, मॉस्कोच्या जागतिक स्पर्धेत १५०० मीटरच्या अंतिम फेरीत त्या धावल्या आणि त्याच वर्षी एका नामांकित प्रशिक्षकाच्या, आल्बर्टो सालाझार यांच्या, हाताखाली गेल्या. २०१९ साली त्यांनी जाहीरपणे सांगितले की एक ठराविक वजन, सुमारे बावन्न किलो, गाठण्याचा लकडा त्यांच्यामागे लावण्यात आला, सहकाऱ्यांच्या देखत त्यांचे वजन केले जाई, तीन वर्षे त्यांची पाळी बंद होती आणि पाच हाडे मोडली. प्रशिक्षकांनी आरोप नाकारले. २०२१ साली दाखल झालेला दावा २०२३ मध्ये तडजोडीने मिटला. म्हणजे न्यायालयाने कोणाच्याही बाजूने निवाडा दिला नाही, आणि मीही तो देत नाही. मला रस आहे तो या हकीकतीतून उठणाऱ्या एका बचावात, जो कोणत्याही क्रीडांगणावर ऐकू येतो: 'तिने स्वतःच्या इच्छेनेच तर हे केले!'

संमती देणाऱ्याला इजा झाली असे म्हणता येत नाही, हे रोमन कायद्यापासून चालत आलेले वचन आहे. आपल्या १८६० च्या दंडसंहितेच्या ८७ व्या कलमात आणि १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या २५ व्या कलमात ते तत्त्व आहे. गंमत अशी की कायद्याने त्यासाठी दिलेले उदाहरण खेळाचेच आहे: दोघे करमणुकीसाठी तलवारीचे हात खेळण्यास कबूल होतात, नियमाने खेळताना एकाला लागले तर दुसऱ्याचा गुन्हा नाही. परंतु त्याच कलमाला दोन कुंपणे आहेत. संमती देणारा अठरा वर्षांवरील असला पाहिजे; आणि त्या कृत्याने मृत्यू किंवा जबर दुखापत होण्याचा संभव आहे हे कृत्य करणाऱ्यास ठाऊक असता कामा नये. आणि 'जबर दुखापत' म्हणजे काय याची जी यादी कायदा देतो, तीत हाड मोडणे स्पष्टपणे आले आहे. शिवाय भीतीपोटी किंवा गैरसमजुतीखाली दिलेली संमती ही, समोरच्याला ते माहीत असेल तर, संमतीच नव्हे असेही कायदा सांगतो.

कोणा प्रशिक्षकाला फौजदारी न्यायालयात उभे करावे असे मी सुचवीत नाही. कायद्याची ही कुंपणे नीतीच्या विचारालाही वाट दाखवितात, एवढेच म्हणावयाचे आहे. मुलीच्या हाडांची पुंजी जमते ती बहुतांशी अठराच्या आत. म्हणजे ज्या वयात नुकसान सर्वांत मोठे, त्याच वयात संमतीला अर्थ सर्वांत कमी. गैरसमजुतीचे पाहावे, तर पाळी बंद होणे हे कसून सराव केल्याचे चिन्ह आहे, उलट ती एक सोयच झाली, असे धावणाऱ्या मुलींना पिढ्यान्‌पिढ्या सांगण्यात आले. आणि भीती तर संघातून वगळले जाण्याची सदैव उभी असते. अशा संमतीला स्वातंत्र्य हे नाव देणे म्हणजे शब्दांशी खेळणे होय.

यावर एक सबळ आक्षेप येईल. एखादी तीस वर्षांची, सुशिक्षित, सर्व परिणाम जाणणारी स्त्री म्हणेल: 'हिमालय चढणाऱ्याला तुम्ही हार घालता, तो तर प्राण पणाला लावतो. मी माझी हाडे पणाला लावली तर तुम्ही कोण मला अडविणार?' या प्रश्नाला सोपे उत्तर नाही आणि मी ते देणारही नाही. तिला अडविण्याचा अधिकार आम्हांला नाही. तो घेतला तर आपण पुन्हा १९२८ मध्ये जाऊन बसू. परंतु दोन गोष्टी तिच्याही विचारार्थ मांडता येतील. एक, पन्नाशीत ज्या स्त्रीचा मणका दुखणार आहे तिची सही या करारावर नाही. आजची ती आणि उद्याची ती यांच्यात आजचीच बोलू शकते. दुसरी, शर्यतीत कोणाचीही निवड एकट्यापुरती राहत नाही. एकीने भुकेच्या बळावर दोन वर्षे जिंकले की शेजारच्या मार्गिकेतील सोळा वर्षांच्या मुलीला तोच धडा मिळतो. गिर्यारोहक पडला तर दुसऱ्याला दरीत ओढत नाही. उपाशी विजेती मात्र नकळत ओढते. तिला रोखता येत नाही, पण तिच्या उपासाचे कौतुक न करणे हे आपल्या हाती आहे.

कौतुकाचा हा मुद्दा आपल्या समाजाला विशेष लागू पडतो. आपल्याकडे स्त्रीची भूक हा तिच्या सद्गुणाचा पुरावा मानण्याची सवय फार जुनी आहे. हरतालिकेचा निर्जळी उपास करणारी, सर्वांना वाढून मागाहून उरले ते खाणारी स्त्री घरात आदर्श ठरते. व्रताची थोरवी मी कमी लेखत नाही. स्वेच्छेने केलेल्या संयमात एक तेज असते. परंतु तपाच्या मार्गाने जाणाऱ्यांनीच त्याची सीमाही दाखवून दिली आहे. बुद्धाने सहा वर्षे देह वाळवून पाहिला आणि अखेर सुजातेच्या हातची खीर स्वीकारली. ज्या तपाने साधनच मोडते ते तप साध्यापर्यंत नेत नाही, हे त्या खिरीने सांगितले.

आणि न निवडलेल्या भुकेचे काय? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २०१९–२१ मध्ये १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के रक्तक्षयाने ग्रस्त होत्या. आणि प्राणवायू वाहून नेणाऱ्या रक्तावरच दीर्घ पल्ल्याचे सारे सामर्थ्य अवलंबून असते. १९८४ च्या लॉस एंजेलिसमध्ये ४०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत पी. टी. उषा यांचे कांस्यपदक सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकले; ऑलिंपिक ग्रामात आपल्याला भाताची पेज आणि लोणचे यांवर भागवावे लागले, असे त्यांनी पुढे सांगितले. पेज आम्हां कोकण-गोव्याकडच्यांना प्रिय आहे, पण केवळ तिच्या बळावर जगाशी शर्यत करावयाची नसते. नाशिक जिल्ह्यातील सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्यपदक मिळविले. माण तालुक्यातील मोहीच्या ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत दहाव्या आल्या. अशा डोंगराळ आणि दुष्काळी मुलखांतून ज्या मुली आज मैदानावर येत आहेत, त्यांना परदेशी पुस्तकातून उचललेला 'वजन उतरवा' हा उपदेश पहिला धडा म्हणून देणे यासारखा अविवेक नाही. त्यांना पहिला धडा हवा तो पोटभर जेवण्याचा.

मग उपाय कोणता? बंदी नको आणि बेपर्वाईही नको, असे म्हटल्यावर उरते काय? उरते ते नियमांचे शहाणपण. स्की-उडीच्या खेळात हलका खेळाडू हवेत अधिक लांब तरंगतो. त्यामुळे तेथे उपासमारीची स्पर्धा लागली होती. २००४ साली आंतरराष्ट्रीय संघटनेने नियम केला की उंचीच्या मानाने वजन फार कमी असेल तर त्या खेळाडूने आखूड स्की वापराव्यात. कोणालाही खेळातून काढले नाही, कोणाच्या ताटात डोकावले नाही; केवळ उपाशी राहण्यातला नफा काढून घेतला. कायदा करणाराने माणसाच्या सद्गुणावर विसंबू नये, दुर्गुणाला लाभ होणार नाही एवढे पाहावे, या तत्त्वाचे याहून सुबक उदाहरण शोधून सापडणार नाही. धावण्याच्या शर्यतीत असा सरळ नियम करणे कठीण आहे हे खरे. तरीही चारचौघांत वजन करण्याची प्रथा बंद करणे, अठराखालील मुलींसाठी वजनाचे लक्ष्य ठरविण्याचा अधिकार प्रशिक्षकाकडून काढून वैद्याकडे देणे, पाळी तीन महिने चुकली तर ती तपासणीची सूचना मानणे, आणि चरबीची टक्केवारी मोजणाऱ्या साधनांत कित्येक टक्क्यांची चूक संभवते हे त्या मुलीला स्पष्ट सांगणे, एवढे तर कोणत्याही तालुक्याच्या क्रीडांगणावर उद्या सकाळपासून होऊ शकते. यांतील बहुतेक गोष्टींना पैसा लागत नाही. लागतो तो प्रशिक्षकाचा अहंकार थोडा हलका होण्याची तयारी.

देह कोणाच्या मालकीचा, हा प्रश्न तत्त्वज्ञ दीर्घकाळ चघळीत आले आहेत. मला वाटते, मालकीपेक्षा विश्वस्तपणाची कल्पना येथे अधिक उपयोगी पडते. धावपटू ही आपल्या देहाची विश्वस्त आहे. त्याचे उत्पन्न तिने खुशाल उधळावे, मूळ ठेव मात्र राखावी. आणि प्रशिक्षक, पालक, संघटना हे त्या विश्वस्ताचे सल्लागार आहेत. ज्या सल्लागाराचा स्वतःचा लाभ ठेव मोडण्यात आहे, त्याच्या सल्ल्याकडे कोणताही न्यायाधीश संशयानेच पाहील. पदकासाठी धावणाऱ्या मुलीला सल्ला देणाऱ्या प्रत्येकाने, बोलण्यापूर्वी, पदक कोणाच्या भिंतीवर लागणार आणि मोडलेले हाड कोणाच्या अंगात राहणार, एवढे मनाशी विचारून घ्यावे.